लहान विद्यापीठातल्या पोरांनी संशोधन करायचं तर कुठे? (गडचिरोली-चंद्रपूर)

मोहफूल | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, चूकभूल सांभाळून घ्या.

माझी भाची ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. तिचा धाकटा भाऊ बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, त्याला इतिहास आवडतो. दोघंही गोंडवाना विद्यापीठाची. दिवाळीत पुण्याचे एक नातेवाईक आले होते. फराळ करता करता म्हणाले, "हिला संशोधनाची आवड आहे तर इकडे पाठवा की. तिथे काय आहे? जंगल." पोरगी तेव्हा काही बोलली नाही. रात्री अंथरूण घालताना मला विचारते, "मावशी, खरंच इथे काहीच नाही का गं?"

मी पतसंस्थेत काम करते, मला यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून इथे विचारते. पदवीला असतानाच संशोधन करता येतं का? त्यासाठी मोठं विद्यापीठच लागतं का? आणि हे फक्त सायन्सवाल्यांचं असतं की भाच्यालाही काही करता येईल? पैसे किती लागतील तेही सांगा, आमच्या घरी ते आधी विचारतात.

कटकटे_काका | रविवार, रात्री १०:०५

आधी पदवी पूर्ण करा, मग बी.एड. करा, मग टीईटी. संशोधन नंतर. आमच्या पिढीत दहा जणांनी पीएच.डी. केली, त्यातले सात अजून तासिका तत्त्वावर आहेत.

वैनगंगाकाठ | रविवार, रात्री ११:३०

काका, त्या सातांपैकी मी एक. तरीही उत्तर देतो.

ताई, तुमच्या पाहुण्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. आपलं विद्यापीठ लहान आणि नवं आहे. २०११ साली नागपूर विद्यापीठातून दोन जिल्हे वेगळे काढून गडचिरोलीला सुरू झालं. मोठी यंत्रं कमी, कायम प्राध्यापक कमी, आणि जे आहेत त्यांच्या डोक्यावर परीक्षा, नॅकची तपासणी, निवडणुकीची ड्युटी. पण "जंगल आहे" हे त्यांनी उणीव म्हणून सांगितलं ना, तिथे ते चुकले. त्याच जंगलासाठी पुण्या-बंगळुरूचे लोक फेलोशिप घेऊन इकडे येतात.

आता कामाचं. भाची दुसऱ्या वर्षाला आहे म्हणजे नव्या अभ्यासक्रमात तिला फिल्ड प्रोजेक्ट असणार, आणि त्याच्या आगेमागे समाजसहभागाचा प्रकल्प. दोन-दोन क्रेडिटचं काम. नव्वद टक्के पोरं मागच्या वर्षीची फाइल आणतात, मुखपृष्ठ बदलतात आणि जमा करतात. आम्हीही सह्या करतो, खोटं कशाला बोलू. पण ही दोन क्रेडिटं म्हणजे वेळापत्रकातच दिलेला मोकळा वेळ आहे, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. ज्या पोरीला खरंच काही करायचं आहे तिने इथूनच सुरुवात करावी.

दुसरं, आविष्कार. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा, कुलपतींच्या म्हणजे राज्यपालांच्या पुढाकाराने २००६ पासून चालू आहे. भाच्याला सांगा, यात सहा गट असतात आणि पहिलाच गट मानव्यविद्या, भाषा, ललित कला यांचा आहे. मग वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञान, शेती आणि पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि वैद्यक. पदवीची पोरं पदवीच्या पोरांशीच स्पर्धा करतात. दिवाळीच्या आसपास महाविद्यालयात नोटीस लागते. लागत नसेल तर समन्वयक कोण आहे ते कार्यालयात विचारायचं. विचारलं की लागते.

तिसरं फक्त विज्ञानवाल्यांसाठी. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात. देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम, वर विद्यावेतन. अर्ज साधारण नोव्हेंबरात बंद होतो. आपली पोरं मार्चमध्ये विचारायला येतात, "सर, ते उन्हाळ्याचं काय होतं?" मुंबईला मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे पदवीच्या पोरांसाठी निअस नावाचा कार्यक्रम चालतो. नेहमीच्या अभ्यासाला धक्का न लावता सुट्टीत जाऊन काम करायचं. दोन्हीकडे शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, आणि ते पत्र पोरीला नावाने ओळखणाऱ्या माणसाने लिहिलेलं असलं तरच त्याला वजन. इथे लहान महाविद्यालयाचा फायदा आहे. माझ्या वर्गात बावीस पोरं आहेत. कोणाच्या घरी भाताची रोवणी चालू आहे म्हणून कोण आलं नाही, हेसुद्धा मला माहीत असतं.

पोस्टरवाली | सोमवार, सकाळी ७:१५

मी आविष्कारला गेलेली आहे म्हणून लिहिते. गाजावाजा करण्यासारखं काही नाही, विद्यापीठाच्या फेरीपर्यंत पोचले आणि तिथेच आपटले. पण आपटले कशी ते ऐकण्यासारखं आहे.

विषय होता हातपंपाच्या पाण्यातलं फ्लोराइड. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत हा त्रास जुना आहे. आमच्या गावात लहान पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसायचे, आजी म्हणायची पाणी खराब आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. मोजायची पद्धत आमच्या प्रयोगशाळेतल्या साध्या यंत्रावर होण्यासारखी होती. स्पॅडन्स नावाचा लाल रंग असतो. पाण्यात फ्लोराइड जितकं जास्त तितका तो रंग फिका पडतो, तो फिकेपणा यंत्र मोजतं. रसायन मिळायला सहा आठवडे गेले. अठरा पंप फिरले, बाबांच्या गाडीवरून.

पोस्टर झकास झालं. परीक्षक आले, त्यांनी आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "बाळा, नमुने कशात आणले?" मी अभिमानाने सांगितलं, काचेच्या बाटल्यांत, उकळून स्वच्छ केलेल्या. ते हसले. फ्लोराइड काचेशी विक्रिया करतं, नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्यायचा असतो. पद्धतीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. मी दुसऱ्या पानापासून वाचलं होतं.

त्या दिवशी बसमध्ये रडले. पुढच्या महिन्यात अठराच्या अठरा पंपांचे नमुने प्लॅस्टिकच्या बाटल्यांत पुन्हा घेतले, स्पर्धा संपलेली असताना. ते आकडे आजही वहीत आहेत. नंतर एम.एस्सी.च्या मुलाखतीत मी हीच बाटलीची गोष्ट सांगितली, तर समोरच्या मॅडम पंधरा मिनिटं त्यावरच बोलल्या.

पैशांचं विचारलंत. माझा खर्च म्हणजे पेट्रोल, बाटल्या आणि पोस्टरची छपाई. रसायन महाविद्यालयाने दिलं. पोस्टर नागपूरला छापू नका, गडचिरोलीतही होतं.

कटकटे_काका | सोमवार, सकाळी ८:००

पण नोकरी लागली का?

पोस्टरवाली | सोमवार, सकाळी ८:०४

लागली काका. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. 😄

दंडार | सोमवार, दुपारी १:२०

वाणिज्यवाल्यांना कोणी विचारतच नाही बाप्पा! मी वडशाचा आहे, म्हणून सांगतो.

आमच्या देसाईगंज-वडशात भाऊबीजेपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, नाटक कंपन्यांचा बाजार असतो. रस्त्याच्या कडेला कंपन्यांचे फलक, आत टेबल, टेबलावर तारखांची वही. गावचं मंडळ येते, नाटक ठरवते, बयाना देते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक, पहाटेपर्यंत. त्या एका रात्रीसाठी लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईवाल्यांना कळलं की असं काही आहे म्हणून.

पण याचा हिशेब कोणी मांडलाय का? कंपनीला ठरलेली रक्कम मंडळ देते आणि तिकीट मंडळ विकते. म्हणजे अवकाळी पाऊस आला तर बुडते कोण? मंडळ की कंपनी? कलावंताला एका रात्रीची नाईट किती, ऑर्गनवाल्याला किती, ध्वनी आणि दिव्यांचं भाडं किती? फायदा झाला तर गावात जाते कुठे, मंदिरात की शाळेत? बी.कॉम.च्या पोट्ट्याने पाच मंडळांच्या वह्या घेऊन बसावं, बस. आमच्या वर्गाला प्रकल्प काय दिला होता माहीत आहे का? "एका बहुराष्ट्रीय शीतपेय कंपनीची विपणन नीती." आम्ही सगळ्यांनी एकाच संकेतस्थळावरून उतरवलं. बाहेर चौकात नाटकांची बुकिंग चालू होती न जी!

वैनगंगाकाठ | सोमवार, दुपारी २:१०

दंडार, तू हे का नाही केलंस मग?

दंडार | सोमवार, दुपारी २:१८

मी तेव्हा नाटकात काम करत होतो सर. खलनायक.

दगडधोंडे | सोमवार, रात्री ९:००

नागपूरहून. भूशास्त्रवाला आहे, त्यामुळे गाडी सिरोंच्याला नेणारच.

सिरोंचा तालुक्यात वडधमला झाडांचे जीवाश्म पडलेले आहेत, चक्क दगड झालेले ओंडके. त्याच प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या ज्युरासिक खडकांना कोटा हे नाव याच तालुक्यातल्या कोटा गावावरून पडलं. नदीपलीकडे, आताच्या तेलंगणात, बारापासॉरस नावाच्या डायनासोरची हाडं सापडली. आता गंमत बघा. ती खोदून काढली कोणी? कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने. संख्याशास्त्राच्या संस्थेत तो सांगाडा उभा आहे! संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांनी तिथे भूशास्त्राचा विभाग काढला होता, कारण त्यांना मोजता येण्यासारखं सगळंच संख्याशास्त्राचं वाटायचं. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमाराची ही गोष्ट, म्हणून त्या प्राण्याचं पूर्ण नाव बारापासॉरस टागोराय.

ज्या पोरांना "हा माझा विषय नाही" म्हणायची सवय असते त्यांना मी ही गोष्ट सांगतो. भाचीचा विषय प्राणिशास्त्र आणि भाच्याचा इतिहास, म्हणून दोघांचं काम वेगळंच असलं पाहिजे असं कुठे आहे?

एक सूचना. वडधमला गेलात तर दगड उचलून घरी आणायचा नाही. फोटो, जागेची नोंद, मापं. जीवाश्म जागेवरून हलला की त्याची निम्मी माहिती गेली.

सातासमुद्रापार | मंगळवार, पहाटे ४:३०

इथे संध्याकाळ आहे. मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एका छोट्या महाविद्यालयात शिकवते. माहेर वरोऱ्याचं.

इकडे पदवीच्या विद्यार्थ्यांच्या संशोधनाची चळवळ मोठ्या विद्यापीठांनी उभी केली असं भारतात बहुतेकांना वाटतं. उलट आहे. १९७८ मध्ये त्यासाठीची परिषद काढली ती लहान महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी. पदवीच्या विद्यार्थ्यांचं पहिलं राष्ट्रीय संमेलन १९८७ मध्ये भरलं ते ॲशव्हिलला, म्हणजे आमच्याच राज्यातल्या एका लहान सरकारी विद्यापीठात. कारण साधं आहे. मोठ्या ठिकाणी प्राध्यापकाकडे पीएच.डी.ची फौज असते, पदवीच्या पोराला बाटल्या धुवायला ठेवतात. लहान ठिकाणी फौजच नसते, मग दुसऱ्या वर्षाच्या पोरीलाच खरं काम द्यावं लागतं.

अर्थात इथे शिक्षकाला त्या कामाचा पगार मिळतो आणि उन्हाळ्यात पोरांनाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाने रविवारी येऊन हे करावं अशी अपेक्षा ठेवणं मला पटत नाही. वैनगंगाकाठ, तुम्ही करता ते मोठं आहे, पण ते फुकट होतंय हेही कोणीतरी म्हणायला हवं.

वैनगंगाकाठ | मंगळवार, सकाळी ६:५०

म्हटलंत, बरं वाटलं. चहा घेतो.

अभ्यासगट | मंगळवार, रात्री ८:४५

मी धानोरा तालुक्यातला. आतापर्यंत वाचत होतो. थोडं कडू लिहिणार आहे.

आमच्या भागात संशोधनाला येणारे फार. प्रश्नावली घेऊन येतात. तुमचं उत्पन्न किती, संडास आहे का, देव कोणता, दारू पिता का. तीच बाई तेच उत्तर चौथ्यांदा देते. ते जातात, पुस्तक निघतं, पदवी मिळते, गावात एक कागद परत येत नाही. आता लहान विद्यापीठाची पोरंही हेच करायला लागली तर फरक काय? फक्त त्यांची बस जवळची.

आमच्या शेजारी मेंढा (लेखा) आहे. देशात सामूहिक वनहक्क मिळालेलं पहिल्यांपैकी गाव, २००९ साली, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला, ती कथा सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधीची कित्येक वर्षं गावात अभ्यास गट चालत होता, त्याबद्दल कमी बोललं जातं. लोक बसायचे, एखादा विषय घ्यायचे, बाहेरचा जाणकार असला तर त्याचंही ऐकायचे. अभ्यास गट निर्णय घेत नाही, फक्त अभ्यास करतो. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. मधाचं पोळं न जाळता मध कसा काढायचा, कुठल्या कायद्यात काय लिहिलंय, हे सगळं तिथे चर्चेला आलं. अक्षरओळख नसलेली माणसं त्यात होती. त्याला संशोधन म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

म्हणून भाचीला माझा निरोप. गावात जाशील तर आधी ग्रामसभेला सांग की तू काय करणार आहेस. आणि जे सापडेल ते परत येऊन वाचून दाखव. मराठीत, जमलं तर इथल्या माडिया बोलीत.

पोस्टरवाली | मंगळवार, रात्री ९:१०

दादा, अठरा पंपांचे आकडे माझ्या वहीत आहेत असं मी वर कौतुकाने लिहिलं. ग्रामपंचायतीला दिलेच नव्हते. आता लाज वाटतेय.

अभ्यासगट | मंगळवार, रात्री ९:२२

अजून देता येतील की. पंप तिथेच आहेत.

वैनगंगाकाठ | मंगळवार, रात्री १०:४०

याच जिल्ह्यातलं एक उदाहरण देतो, परत जाण्याचंच. शोधग्रामच्या, म्हणजे सर्च या आरोग्यसंस्थेच्या, डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. तोवर बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी कागदावर होतं. पुढे नवजात बाळांवर घरीच उपचार करण्याचा त्यांचा अभ्यास झाला तो ३९ गावांत, तुलनेसाठी दुसरी ४७ गावं. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. आज देशभर आशाताई बाळाला बघायला घरी येते, त्यामागे गडचिरोलीची ही गावं आहेत.

हे काम डॉक्टरांचं, अनेक वर्षांचं, पदवीच्या पोरांनी असं काही एकट्याने करायला जाऊ नये. माणसांच्या शरीराबद्दल विचारायचं तर नैतिकता समितीची मंजुरी आणि लेखी संमती लागते. जंगलातून पान-किडा आणायचा तरी वनविभागाला विचारावं लागतं. म्हणून मी पोरांना सांगतो, पहिला विषय असा घ्या की ज्याला फक्त डोळे, वही आणि शेजाऱ्यांची ओळख लागेल.

कटकटे_काका | बुधवार, सकाळी ७:३०

वाचतोय. एक शंका. ते वाचायला जर्नल लागतात ना? ते तर डॉलरमध्ये असतात. आमच्या वेळी नागपूरला जाऊन झेरॉक्स आणावी लागायची.

वैनगंगाकाठ | बुधवार, दुपारी १२:१५

काका, हा प्रश्न चांगला विचारलात. १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन चालू झालं आहे. तेरा हजारांवर जर्नल केंद्राने एकत्र विकत घेतली, सरकारी विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना खुली. आपल्या महाविद्यालयात नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन वाचायचं. प्रबंध वाचायचे असतील तर शोधगंगा हे संकेतस्थळ कोणालाही फुकट आहे. झेरॉक्सचा जमाना गेला. आता अडचण उलटी आहे. पोरांच्या फोनवर रोज मेसेज येतो, "तीन दिवसांत तुमचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये, फक्त दीड हजारात, प्रमाणपत्रासह." ताई, भाचीने असल्या ठिकाणी एक रुपया देऊ नये. तो पैसा बाटल्यांना वापरावा. प्लॅस्टिकच्या.

मोहफूल | बुधवार, रात्री १०:००

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मी दोघांनाही वाचून दाखवलं. काकांचं आधी वाचलं, मग बाकीच्यांचं. 😊

आमच्या गावाबाहेर एक मामा तलाव आहे, घरापासून दहा मिनिटांवर. भाचीला त्यातल्या माशांवर काही करायचं आहे. भाच्याला विचारलं तर म्हणतो, तलाव कोणी बांधला हे कुणालाच माहीत नाही, सगळे "कोहळ्यांनी" म्हणतात आणि गप्प बसतात. हा विषय होतो का?

दगडधोंडे | बुधवार, रात्री १०:२५

होतो का? दोघांचा मिळून एकच विषय झालाय तुमचा!

मामा म्हणजे माजी मालगुजारी. असे तलाव पूर्व विदर्भात सुमारे सात हजार आहेत. बरेचसे कोहळी समाजाने बांधलेले, उतार बघून, नुसत्या मातीच्या पाळीने, म्हणजे बांधाने. १९५० च्या कायद्याने मालगुजारी म्हणजे इकडची जमीनदारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळीची डागडुजी करणारा मालक कोण हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतोय. भाच्याने तहसिलीत निस्तारपत्रक काढावं. गावाच्या सामाईक जमिनीवर, जंगलावर, पाण्यावर कोणाचा कसला हक्क होता याची ती नोंद असते. गुरं कुठे पाजायची, माती कुठून घ्यायची, सगळं. अर्ज करावा लागेल, दोन-तीन खेपा होतील, इतिहासाच्या पोराला ती सवय लागलेली बरी.

वैनगंगाकाठ | बुधवार, रात्री ११:०५

आणि भाचीने आधी मासे नाही, माणसं शोधावीत. ढिवर मंडळी, मासेमारी करणारी. तलावात आता मत्स्य सोसायटीने सोडलेले रोहू, कटला, मृगळ असतील. त्याआधीपासूनचे मरळ, शिंगी, मांगूर आणि बारके मासे अजून किती उरलेत, हे जाळं टाकणाऱ्याला माहीत असतं. त्याच्यासोबत पहाटे जायचं, जे निघेल ते मोजायचं, फोटो काढायचा, तो सांगेल ते नाव लिहायचं, मासा त्याचा त्याला परत. महिन्यातून दोनदा, पावसाळा ते उन्हाळा. शास्त्रीय नाव मी शोधून देतो. पाळीवर कोणती झाडं तोडली, बेशरमाची झुडपं किती पसरलीत, तेही लिहून ठेवायचं.

आणखी पुढचं एक. बी.एस्सी.ला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के राखले तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, पूर्ण बारा क्रेडिटचा प्रकल्प. त्यासाठी महाविद्यालयात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक लागतात, बऱ्याच ठिकाणी ते नाहीत. ते बघूनच चौथं वर्ष कुठे करायचं ठरवा. कदाचित तेव्हा तिला बाहेर जावंच लागेल. जाऊ दे. तलावाची दोन वर्षांची वही सोबत घेऊन जाईल.

दंडार | गुरुवार, सकाळी ९:४०

भाच्याने गावातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करावं. तलावाच्या भागांचे शब्द झाडीबोलीत वेगळे आहेत, आमच्या आजोबांसोबत अर्धे गेले. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, आवाज संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. आधी ते ऐक म्हणा, कसं विचारलंय, कसं लिहिलंय. म्हणजे काचेची बाटली होणार नाही.

पोस्टरवाली | गुरुवार, सकाळी ९:४६

हा आता या धाग्याचा वाक्प्रचार होणार वाटतं.

मोहफूल | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:१०

सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून धागा वर काढतेय.

भाचीचे दोन रविवार झाले. पहिल्या रविवारी तिला कोणी जाळ्याजवळ उभंच केलं नाही, पोरगी काय करणार म्हणून. दुसऱ्या रविवारी आमची आई सोबत गेली, ढिवरांच्या म्हातारीशी तिची जुनी ओळख. मग सगळं सुरळीत. वहीत नऊ नावं आली. गंमत म्हणजे उत्तरेच्या पाळीवर बसणाऱ्याने एका माशाचं जे नाव सांगितलं, तेच नाव दक्षिणेकडच्याने दुसऱ्याच माशाला दिलं. दोघंही ऐकायला तयार नाहीत. भांडण लागलं, आई मध्ये पडली.

भाचा तहसिलीत दोनदा जाऊन आला. बाबू म्हणाले, "कशाला पाहिजे?" हा म्हणाला, "अभ्यासाला." ते म्हणाले, "कोणत्या परीक्षेच्या?" सोमवारी परत बोलावलंय.

भाची विचारतेय सर, दोन नावांच्या माशाचं वहीत काय लिहू?

वैनगंगाकाठ | रविवार, दुपारी ४:३५

दोन्ही नावं लिही. कोणी सांगितलं, कुठल्या पाळीवर, तेही लिही. आणि आजीला पुढच्या रविवारी सोबत ने.

कटकटे_काका | रविवार, दुपारी ५:०२

तहसिलीत माझा एक विद्यार्थी आहे. सोमवारी भाच्याला सांगा, माझं नाव घे म्हणावं.